मदत हवी आहे: पेंटियम एम लॅपटॉपसाठी स्वतः कंपाइल केलेला कर्नल सुरूच होत नाही

रेडियमवाला_कऱ्हाड

नमस्कार मंडळी,

कऱ्हाडला आमचं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, गाडीच्या मागच्या काचेवरची नावं, दुकानांच्या पाट्या अशी कामं असतात. कटिंग मशीन जुनं आहे, त्याला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट सोडून दुसरं काही लागत नाही. हा पोर्ट असलेला एकच कॉम्प्युटर घरात आहे, वडिलांनी २००४ साली घेतलेला लॅपटॉप. पेंटियम एम १.४ गिगाहर्ट्झ, रॅम वाढवून १ जीबी केलेली, ४० जीबीची आयडीई हार्डडिस्क. नव्या लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावून पाहिला, पण मोठं डिझाइन अर्ध्यात तुटतं आणि रेडियम वाया जातं.

त्यावर ३२ बिट डेबियन १२ (लिनक्स) टाकलंय आणि ते नीट चालतंय. डिझाइन मी नव्या लॅपटॉपवर इंकस्केपमध्ये करतो, अक्षरांचे पाथ करून एचपीजीएल (कटिंग मशीनला कळणारी) फाइल काढतो, पेनड्राइव्हने जुन्यावर नेतो आणि तिथून मशीनला पाठवतो. मग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅमच्या, मागे का लागलो? ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात ३२ बिट इंटेलसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. आज ना उद्या या लॅपटॉपचा कर्नल मलाच करावा लागणार. हाताशी चालता कर्नल आहे तोवर शिकून घ्यावं म्हणतो. दिवसा लॅपटॉप वडिलांकडे असतो, त्यामुळे जे काही करतो ते दुकान बंद झाल्यावर.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. ६.१ मालिकेचा सोर्स नव्या लॅपटॉपवर उतरवला (तो ६४ बिट आहे), मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) जमेल तसं निवडलं आणि कंपाइल केलं. जुन्या लॅपटॉपवर पडद्यावर आलं, 'धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड ॲन आय६८६ सीपीयू'. म्हणजे कर्नल ६४ बिटचा झाला होता. शोधाशोध केल्यावर कळलं की प्रत्येक मेक आज्ञेला आर्क=आय३८६ जोडावं लागतं.

तसं केलं. प्रोसेसर फॅमिलीत पेंटियम-४ ची ओळ निवडली, कारण तिच्यात 'पेंटियम-४ एम' असं लिहिलेलं दिसलं. हाय मेमरीत ६४ जीबी निवडलं, जास्त असलेलं बरं म्हणून. मॉड्यूल (कर्नलला वेगळे जोडले जाणारे ड्रायव्हर वगैरे) कमी करायला लोकलमॉडकॉन्फिगही चालवलं. आता संदेश येतो, 'धिस कर्नल रिक्वायर्स द फॉलोइंग फीचर्स नॉट प्रेझेंट ऑन द सीपीयू: पीएई'.

डेबियनचा कर्नल याच प्रोसेसरवर चालतो, मग माझा का नाही? आणि या प्रोसेसरसाठी नेमकं काय निवडायचं? तीन रात्री गेल्यात. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

घाटमाथा

आधी दोन गोष्टी टाका. /प्रॉक/सीपीयूइन्फोमधले फॅमिली आणि मॉडेलचे आकडे, आणि लोकलमॉडकॉन्फिग कुठल्या मशीनवर चालवलंत ते. पेंटियम एम दोन प्रकारचे होते, त्यातला कुठला ते कळू द्या.

रेडियमवाला_कऱ्हाड

फॅमिली ६, मॉडेल ९. फ्लॅग्जमध्ये पीएई नाही. लोकलमॉडकॉन्फिग नव्या लॅपटॉपवरच चालवलं, सोर्स तिथेच आहे ना.

जुनं_यंत्र

मॉडेल ९ म्हणजे बॅनियास, मार्च २००३ मध्ये आलेला पहिला पेंटियम एम. १३० नॅनोमीटरचा, १ एमबी एल२ कॅश. नंतर २००४ मध्ये डोथन आला, त्याचं मॉडेल १३. माझ्याकडे बॅनियासवालाच एक लॅपटॉप बरीच वर्षं चालू होता, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी पीएई. साध्या ३२ बिट व्यवस्थेत ४ जीबीपर्यंतच्याच रॅमचा पत्ता लागतो. त्यापलीकडे जायला पीएई आहे, त्यात पेज टेबलातली प्रत्येक नोंद ४ बाइटऐवजी ८ बाइटची होते. मेनूमध्ये ६४ जीबी निवडलंत की ६.१ मध्ये पीएई आपोआप चालू होतं. मग कर्नल सुरू होतानाच प्रोसेसरला विचारतो, पीएई आहे का? बॅनियास 'नाही' म्हणतो आणि कर्नल तिथेच थांबतो.

खरी गंमत पुढे आहे. बॅनियासमध्ये पीएई प्रत्यक्षात आहे, फक्त तो फ्लॅग दाखवत नाही. ४०० मेगाहर्ट्झ बसवाल्या डोथनचंही तसंच. म्हणून २०१४ साली ३.१५ कर्नलमध्ये खास या प्रोसेसरांसाठी 'फोर्सपीएई' हा बूट पर्याय आला. ग्रबच्या (बूट मेनूच्या) ओळीत तो शब्द घातलात तर तुमचा आत्ताचा कर्नल या पायरीच्या पुढे जाईल.

पण तो घालू नका असंच मी सांगेन. पीएईचा फायदा दोनच ठिकाणी होतो. एक, ४ जीबीच्या वर रॅम असेल तर. दोन, प्रोसेसरला एनएक्स (डेटाच्या जागेतला कोड चालू न देणारी सोय) असेल तर, कारण ३२ बिटमध्ये एनएक्सला पीएई लागतं. तुमच्याकडे रॅम १ जीबी आणि बॅनियासला एनएक्सच नाही. म्हणजे पदरात काही पडत नाही, उलट पेज टेबलं दुप्पट जागा खातात. तुमच्या मशीनवर डेबियनचा जो कर्नल चालतोय तो '६८६' नावाचा, पीएई नसलेला. पीएईवाला '६८६-पीएई' या नावाने वेगळा असतो. माझा का नाही, याचं उत्तर एवढंच.

आता प्रोसेसर फॅमिली. पेंटियम-४ एम आणि पेंटियम एम ही वेगवेगळी घराणी आहेत. पेंटियम एमची ओळ यादीत स्वतंत्र आहे, आणि तिच्या मदतीच्या मजकुरात 'पेंटियम-४ एम नव्हे' असं स्पष्ट लिहिलंय. चुकीची ओळ निवडल्यामुळे कर्नल बंद पडणार नाही. पण पेंटियम-४ निवडलं की कर्नल कॅश लाइन १२८ बाइटची धरून चालतो, बॅनियासची आहे ६४ ची. मग आतल्या रचना विनाकारण १२८ च्या हिशोबाने पसरतात. १ जीबीच्या मशीनवर हे कशाला?

सगळ्यात महत्त्वाचं मेमरीचं. ३२ बिट कर्नल ४ जीबीच्या पत्त्यांतले ३ जीबी प्रोग्रॅमना देतो आणि वरचा १ जीबी स्वतःकडे ठेवतो. त्यातला काही भाग इतर कामांना लागतो, म्हणून थेट वापरता येणारी रॅम ८९६ एमबी. तुमची १०२४. वरच्या १२८ साठी ४ जीबीवाली हाय मेमरी चालू करावी लागते, आणि त्या पानांना हात लावायचा तर कर्नलला दर वेळी तात्पुरती जोडणी करावी लागते. नेमक्या १ जीबीवाल्यांसाठी एक सुरेख सोय आहे. 'मेमरी स्प्लिट'मध्ये '३जी/१जी, फुल १जी लो मेमरी' असा पर्याय मिळतो. त्यात सीमा थोडी खाली सरकते, प्रोग्रॅमना पावणेतीन जीबी उरतात आणि तुमची सगळी रॅम थेट कर्नलच्या हाताखाली येते. मग हाय मेमरी 'ऑफ' करून टाका. दोन अटी आहेत. पीएई बंद हवं, आणि जनरल सेटअपमध्ये 'एक्स्पर्ट' चालू हवं. ते नसेल तर हा मेनू दिसतच नाही. मला तो सापडायला दोन दिवस लागले होते.

एसएमपी (अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरची सोय) बंद करा, गाभा एकच आहे. फार फरक पडणार नाही, कारण एकच गाभा दिसला तर कर्नल सुरू होतानाच त्यासाठीची कुलपं (लॉक) काढून टाकतो.

घाटमाथा

आता लोकलमॉडकॉन्फिग. ते ज्या मशीनवर चालवाल तिथल्या चालू मॉड्यूलांची यादी धरतं. तुम्ही नव्या लॅपटॉपवर चालवलंत, म्हणजे नव्याचे ड्रायव्हर ठेवले आणि जुन्याचे काढून टाकले.

जुन्या लॅपटॉपवर एलएसमॉडची (चालू मॉड्यूलांची) यादी फाइलमध्ये काढा आणि /बूटमधली डेबियनची कॉन्फिग फाइलही घ्या. दोन्ही नव्यावर आणा. डेबियनची कॉन्फिग पाया म्हणून ठेवा, मग मेक आर्क=आय३८६ ला एलएसमॉड= आणि यादीचा पूर्ण पत्ता जोडून लोकलमॉडकॉन्फिग चालवा. त्यानंतर वर सांगितलेले बदल करा. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' मध्ये त्यांच्या प्रमाणपत्राच्या फाइलचं नाव असतं. ते रिकामं करा, नाहीतर कंपाइल मध्येच थांबेल.

स्पष्टबोल

इतका खटाटोप करण्यापेक्षा सेकंडहँड डेस्कटॉप घ्या. त्यातल्या बऱ्याच मदरबोर्डवर सिरीयल पोर्ट असतो. चार दिवसांचं उत्पन्न घालवून वीस वर्षांचा लॅपटॉप जगवण्यात अर्थ नाही, हे मनापासून सांगतोय.

रेडियमवाला_कऱ्हाड

स्पष्टबोल, तुमचं पटतं. पुढेमागे डेस्कटॉप घेऊच. पण दुकानाची जागा सहा फुटांची आहे, आणि वडील हाच लॅपटॉप उचलून गाडीजवळ नेतात, गिऱ्हाइकाला अक्षर दाखवतात आणि मग कापतात. त्यांच्या हाताला तो बसलाय. तो चालतोय तोवर मी चालवणार.

जुनं_यंत्र, घाटमाथा, किती आभार मानू! मेमरी स्प्लिटचं कुठेच वाचलं नव्हतं. आज रात्री बसतो.

रेडियमवाला_कऱ्हाड

काल रात्री केलं. पीएईचा संदेश गेला! कर्नल सुरू झाला, भराभर ओळी आल्या आणि शेवटी अडकला, 'कर्नल पॅनिक, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'.

बीझेडइमेज (तयार कर्नलची फाइल) हातानेच /बूटमध्ये ठेवली आणि ग्रबमध्ये स्वतः नोंद लिहिली. रूट= च्या पुढे यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) दिलाय. एका जुन्या लेखात आयडीई ड्रायव्हर चालू करून डिस्कला एचडीए म्हणा असं होतं, पण तो पर्याय मेनूत सापडत नाही.

जुनं_यंत्र

तो लेख फार जुना आहे. जुनी आयडीई यंत्रणा २०२१ मध्ये ५.१४ पासून कर्नलमधून काढली. आता आयडीई डिस्कसुद्धा लिबएटीएमार्फत चालते आणि एसडीए म्हणून दिसते. तुमच्या चिपसेटला 'एटीए_पीआयआयएक्स' लागतो.

कंसातले दोन शून्य म्हणजे कर्नलला डिस्क दिसलीच नाही. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये एटीए_पीआयआयएक्स, एससीएसआय डिस्क आणि ईएक्सटी४ हे तिन्ही 'एम', म्हणजे मॉड्यूल आहेत. ती मॉड्यूल डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तीच मॉड्यूल हवीत. हा पेच सोडवायलाच इनिट्रामएफएस (सुरुवातीला मेमरीत उतरणारी छोटी फाइलसिस्टिम) असते, आणि तुम्ही ती केलेली नाही.

दोन रस्ते आहेत. मेक आर्क=आय३८६ बाइनडेब-पीकेजी करून डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) बनवा आणि जुन्यावर डीपीकेजीने टाका, इनिट्रामएफएस आणि ग्रबची नोंद दोन्ही आपसूक होतील. किंवा त्या तिघांना मेनूत 'एम' ऐवजी तारा (*) द्या, म्हणजे ते कर्नलच्या पोटातच राहतील. दुसऱ्या रस्त्याने गेलात तर यूयूआयडी चालणार नाही. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी ओळखण्याचं काम इनिट्रामएफएसचं, कर्नल एकट्याने पार्टयूयूआयडी किंवा /डेव्ह/एसडीए१ असंच समजतो.

मी तुमच्या जागी दोन्ही करीन. तारा द्या आणि डेब फाइलही बनवा. आणि डेबियनचा कर्नल काढू नका, ग्रबमध्ये तो पहिला राहू द्या. सकाळी वडिलांना दुकान उघडायचं असतं.

घाटमाथा

जाता जाता एक. यूएसबी कन्व्हर्टरवर मोठं डिझाइन तुटतं ते बहुधा फ्लो कंट्रोलमुळे. मशीनची मेमरी छोटी असते, ती भरली की मशीन 'थांब' म्हणतं आणि समोरचा ऐकत नाही. एसटीटीवाय या आज्ञेने त्या पोर्टवर 'सीआरटीएससीटीएस' (हार्डवेअर फ्लो कंट्रोल) चालू करून बघा. केबलमध्ये त्या तारा जोडलेल्या आहेत ना तेही मीटरने तपासा. जुना लॅपटॉप कधी बसलाच तर हा रस्ता तयार असू द्या.

रेडियमवाला_कऱ्हाड

चालू झाला!! रात्री पावणेबाराला लॉगिनचा पडदा आला. मेमइन्फोमध्ये आता हायटोटल (हाय मेमरीची) ही ओळच नाही, सगळी रॅम थेट. वायफाय चालतं, सिरीयल पोर्टही दिसतो.

पण पेनड्राइव्ह उघडत नाही. लावल्यावर काहीच होत नाही. डेबियनच्या कर्नलमध्ये तोच उघडतो.

घाटमाथा

अभिनंदन! एलएसमॉडची यादी काढली तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला नसणार.

रेडियमवाला_कऱ्हाड

नव्हता. यादी वायफायवरून पाठवली होती.

घाटमाथा

मग यूएसबी-स्टोरेज आणि व्हीफॅट ही मॉड्यूल यादीत आलीच नाहीत, आणि लोकलमॉडकॉन्फिगने ती गाळली. डेबियनच्या कर्नलमध्ये जा, पेनड्राइव्ह लावून उघडा, आणखी जे जे कधी लागतं ते सगळं एकदा चालवा, आणि मग नवी यादी काढा. व्हीफॅटसोबत एनएलएस (अक्षरसंचांचा विभाग) खालची ४३७ ची कोडपेज आणि आस्की हेही 'एम' करा, नाहीतर ड्राइव्ह दिसेल पण उघडणार नाही.

रेडियमवाला_कऱ्हाड

झालं. पेनड्राइव्ह उघडतो. काल दुकान बंद झाल्यावर याच कर्नलवरून एका टेम्पोची मागची काच कापली, '॥ कृष्णामाई प्रसन्न ॥', चार फूट लांब. एक अक्षर तुटलं नाही. वडील शेजारी उभे होते. त्यांनी रेडियम उचलून 'ष्णा'ची खालची बाजू बोटाने तपासली आणि म्हणाले, कडा साफ आलीय.

ग्रबमध्ये डेबियनचा कर्नल अजून पहिलाच ठेवलाय. महिनाभर रात्रीची कामं माझ्या कर्नलवर करून बघतो, मग क्रम बदलेन. कन्व्हर्टरची केबल उघडली, तर आत तीनच तारा जोडलेल्या निघाल्या. उद्या पूर्ण जोडणीची केबल करून घेतो आणि काय होतं ते इथेच लिहितो. कॉन्फिग फाइल आणि एलएसमॉडची यादी जपून ठेवलीय. कुणाकडे बॅनियास आणि १ जीबी रॅम असेल तर निरोप टाका, दोन्ही पाठवतो.