नॉरफोक ते सेंट ऑगस्टीन बोटीने: शरद ऋतूत कोणत्या गावी थांबावे, कोठून पुढे जावे?

सागरवाट (प्रश्न)

नमस्कार. माझे पती आणि मी ऑक्टोबरच्या मध्यास व्हर्जिनियातील नॉरफोकहून आमच्या ३४ फुटी ट्रॉलरने (राहण्याजोग्या संथ मोटरबोटीने) निघून अटलांटिक इन्ट्राकोस्टल वॉटरवेने (किनाऱ्यालगत आतल्या पाण्यातून जाणाऱ्या बोटमार्गाने) दक्षिणेकडे जाण्याचे ठरवत आहोत. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या (नोव्हेंबरअखेरच्या) सुमारास फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनला पोहोचावे आणि हिवाळाभर बोट तेथेच ठेवावी, असा बेत आहे. बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखाली राहणाऱ्या भागाची खोली) साडेतीन फूट आहे आणि तिला ताशी आठ मैलांचा वेग मानवतो. चेसापीक उपसागरात आम्ही अनेक वर्षे बोट चालवत आहोत, परंतु तेथे भरती-ओहोटीतील फरक दोन-तीन फुटांपलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियातील पाण्याची आम्हाला सवय नाही.

या मार्गावर लहानमोठी पुष्कळ गावे लागतात. प्रत्येक ठिकाणी एक रात्र काढून पुढे जाण्याऐवजी मोजक्या गावी तीन-चार दिवस राहावे, पायी हिंडावे, तेथील इतिहास नीट पाहावा, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. अशी गावे कोणती? शिवाय जॉर्जियातील भाग फार उथळ असल्याने तो टाळून समुद्रातून जावे, असे काही जण सांगतात. बोटीवर आम्ही दोघेच असणार आहोत, हे लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरवारा

आपला बेत चांगला आहे आणि वेळही पुरेसा आहे. नॉरफोक हा या मार्गाचा शून्य मैल आणि सेंट ऑगस्टीन सुमारे ७७८ व्या मैलावर. (हे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नाहीत, इंधनाचा हिशोब करताना ते विसरू नये.) दिवसाला ५० मैल धरले तर प्रत्यक्ष चालण्याचे सोळा दिवस होतात. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक दिवस आहेत. तरीही ते सगळे गावांमध्ये वाटून टाकू नका, कारण वाऱ्यामुळे आठवडाभर तरी धक्क्यावर बसावे लागेल, असे गृहीत धरणे शहाणपणाचे आहे.

निघण्याआधी विम्याची पॉलिसी नीट वाचावी. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो आणि अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक तारखेपूर्वी ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेस बोट नेण्यास मनाई असते. ती तारीख बहुधा १ नोव्हेंबर असते, पण अक्षांश प्रत्येक पॉलिसीत वेगळा असतो. म्हणून विमा कंपनीकडून हे लेखी घ्यावे, तोंडी आश्वासनावर विसंबू नये. माझ्या मते ऑक्टोबरचा उरलेला काळ उत्तर कॅरोलिनात सावकाश घालवून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कॅरोलिनात शिरणे उत्तम. तोवर संध्याकाळी चावणाऱ्या बारीक माश्याही थंडीने कमी झालेल्या असतात.

नॉरफोकहून निघताना दोन वाटा आहेत. एक ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करून बोट पुढे सोडणाऱ्या दरवाजांमधून) जाते. ती रुंद आणि खोल आहे, मालवाहू तराफेही तिनेच जातात. दुसरी डिस्मल स्वॉम्प कालव्याची. हा कालवा १८०५ मध्ये खुला झाला आणि अमेरिकेत आजही वापरात असलेल्या मानवनिर्मित कालव्यांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. तो गुलाम मजुरांनी खणला, आणि त्याच दलदलीत पळून आलेल्या गुलामांनी पिढ्यान्‌पिढ्या आसरा घेतला. झाडांच्या सालीतील आणि पालापाचोळ्यातील टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. साडेतीन फुटांच्या ड्राफ्टला ही वाट चालते, पण पाण्यात बुडालेले ओंडके असू शकतात, म्हणून वेग कमी ठेवावा. दोन्ही टोकांची लॉक दिवसातून ठरावीक वेळांनाच उघडतात. मोठ्या वादळानंतर कालवा बंदही राहतो, २०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर तो बराच काळ बंद होता. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

त्यापुढचा अल्बेमार्ल साउंड हा खाडीसारखा विस्तीर्ण जलाशय उथळ आणि उघडा आहे. थंड हवेची लाट येऊन वायव्येचा वारा सुटला की तेथे आखूड आणि उंच लाटा उठतात, दोन लाटांमध्ये बोटीला सावरायला वेळच मिळत नाही. अशा वेळी एलिझाबेथ सिटीच्या धक्क्यावर थांबून वारा पडण्याची वाट पाहावी. येथे चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही, पाण्याची पातळी वाऱ्याने वर-खाली होते.

मिठागर

गावांविषयी मी लिहितो, कारण या किनाऱ्याच्या इतिहासात मला मनापासून रस आहे.

उत्तर कॅरोलिनातील बोफर्टला (सुमारे २०४ वा मैल) दोन दिवस द्यावेत. समोरच्या बेटांवर मोकळे फिरणारे घोडे बोटीवरूनही दिसतात. येथील सागरी संग्रहालयात ब्लॅकबिअर्ड या चाच्याच्या जहाजावरील वस्तू ठेवल्या आहेत. ते जहाज १७१८ मध्ये जवळच्याच खाडीमुखाशी रुतले आणि त्याचे अवशेष १९९६ मध्ये सापडले. विल्मिंग्टन टाळले तरी चालेल. साउथपोर्टला एक रात्र पुरे.

जॉर्जटाउनच्या अलीकडे वाकामॉ नदीचा जो पट्टा लागतो, तो घाईने पार करू नये. दोन्ही तीरांवर सायप्रसची झाडे पाण्यातच उभी आहेत आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात. संपूर्ण मार्गात शरद ऋतू सर्वांत स्पष्ट येथेच दिसतो. एखाद्या वळणात नांगर टाकून राहण्यासारखी ही जागा आहे. धक्क्याचे भाडेही वाचते.

चार्ल्सटनला (सुमारे ४६९ वा मैल) सगळेच थांबतात, तुम्हीही थांबाल. अमेरिकेच्या यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ रोजी ज्या फोर्ट समटरवर डागली गेली, तो बंदराच्या तोंडाशीच आहे. परंतु वेळ कमी पडला तर किल्ला सोडून गॅड्सडेन्स वॉर्फवर २०२३ मध्ये उघडलेले आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आफ्रिकेतून आणलेली असंख्य माणसे याच धक्क्यावर उतरवली गेली.

माझ्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत मोलाचा मुक्काम मात्र दक्षिण कॅरोलिनातील ब्यूफर्ट (सुमारे ५३६ वा मैल) हा आहे. रॉबर्ट स्मॉल्स १८३९ मध्ये याच गावी गुलामीत जन्मला. मोठा झाल्यावर तो चार्ल्सटनला ‘प्लँटर’ नावाच्या कॉन्फेडरेट (गुलामी राखू पाहणाऱ्या बंडखोर दक्षिणी राज्यांच्या) बोटीवर सुकाणू धरू लागला. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना, त्याने बोट हाकारली, वाटेत आपल्या आणि सोबत्यांच्या बायकामुलांना चढवून घेतले, कप्तानाची टोपी डोक्यावर ठेवली आणि प्रत्येक किल्ल्यापुढून जाताना ठरलेली शिट्टी वाजवत फोर्ट समटरही पार केला. मग पांढरे कापड फडकावून त्याने बोट युनियनच्या (उत्तरेच्या संघराज्य सरकारच्या) आरमाराच्या हवाली केली. पुढे ज्या घरात तो गुलाम होता, तेच घर त्याने विकत घेतले आणि तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. चार्ल्सटनच्या बंदरातून बोट स्वतः चालवत ब्यूफर्टला पोहोचणाऱ्या माणसाला या घटनेतील धाडस जसे कळते, तसे ते गाडीने येणाऱ्याला कळणे कठीण आहे, असे मला वाटते. ते पाणी, तो प्रवाह आणि ते किल्ले यांमधली अंतरे तुम्ही स्वतः मोजलेली असतात.

ब्यूफर्टहून सेंट हेलेना बेटावरील पेन सेंटरला जरूर जावे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६२ मध्ये येथे शाळा सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभा-बैठका येथेच होत असत. या बेटांवरील गुल्ला-गीची लोकांची (गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांची) भाषा, विणकाम आणि शेती समजून घ्यायची असेल तर याहून चांगली जागा नाही. ब्यूफर्टसाठी चार दिवस ठेवावेत.

सव्हानाचे चौक सुंदर आहेत, १७३३ मध्ये आखलेल्या नगररचनेतले २२ अजून शिल्लक आहेत. मात्र नदीकाठच्या शहरी धक्क्यावर बोट लावू नये. मोठी मालवाहू जहाजे अगदी जवळून जातात आणि रात्रभर बोट हेलकावत राहते. थंडरबोल्ट किंवा आयल ऑफ होप येथे बोट ठेवून गाडीने शहरात जावे.

सागरवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ब्यूफर्टचा मुक्काम आम्ही आजच वहीत लिहून ठेवला. आता जॉर्जियाचा प्रश्न राहिला. माझ्या पतींना रात्रीच्या समुद्रप्रवासाची भीती वाटत नाही, पण मला पाळीपाळीने जागून बोट चालवणे कितपत झेपेल, याची शंका आहे. आतून गेल्यास बोट रुतण्याचा धोका खरोखर किती आहे?

ओहोटीची_वेळ

ताई, साडेतीन फुटांच्या ड्राफ्टला जॉर्जिया आतून जाता येतो. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: तेथे निघण्याची वेळ घड्याळ पाहून ठरवायची नसते, भरतीचे कोष्टक पाहून ठरवायची असते. ज्यांना रोज सकाळी सातलाच नांगर उचलायचा असतो, त्यांनाच तो भाग त्रासदायक वाटतो.

येथील किनारा आत वळलेला असल्याने अटलांटिकची भरती त्यात कोंडली जाते आणि भरती-ओहोटीतील फरक सात ते नऊ फुटांपर्यंत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो आणखी वाढतो. सव्हाना नदीपासून फ्लोरिडाच्या सीमेपर्यंतचा मार्ग सुमारे १४० मैलांचा आहे आणि त्यात खरोखर अडचणीच्या जागा थोड्याच आहेत: हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक. या ठिकाणी भरती निम्मी चढल्यानंतर आणि पाणी अजून वाढत असताना शिरावे. चुकून तळ लागला तरी वाढते पाणी थोड्या वेळात बोट उचलते. पूर्ण भरतीनंतर शिरून रुतलात, तर मात्र पुढची भरती येईपर्यंत बोट चिखलात कलंडून राहील. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स ही अमेरिकी लष्कराची अभियंता शाखा आपल्या ताज्या खोलीमापनाचे नकाशे उपलब्ध करून देते. ते प्लॉटरवर (बोटीवरील नकाशा दाखवणाऱ्या उपकरणावर) घ्यावेत, कारण छापील नकाशांपेक्षा तळ लवकर बदलतो.

खुणांविषयी एक सूचना. ठिकठिकाणी समुद्राची मुखे या मार्गाला छेदतात आणि तेथे लाल-हिरव्या बोयांच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) बाजू बदललेल्या दिसतात. अशा वेळी खुणेवरील लहान पिवळे चिन्ह पाहावे. दक्षिणेकडे जाताना पिवळा त्रिकोण उजव्या हाताला आणि पिवळा चौकोन डाव्या हाताला ठेवायचा. हा नियम शेवटपर्यंत बदलत नाही.

नांगराचा हिशोबही चेसापीकसारखा करू नका. ओहोटीला दहा फूट पाणी असेल तर भरतीला ते अठरा फूट होते, त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची चार फूट धरली तर बावीस. पाचपट साखळी सोडायची म्हटली तरी ११० फूट लागते. शिवाय दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि बोट पूर्ण फिरते, म्हणून सभोवार तेवढी मोकळी जागा हवी. धक्क्याला लागायचे असेल तर तरंगता धक्का निवडावा आणि शक्यतो प्रवाह थांबलेला असताना लागावे. ब्यूफर्ट आणि चार्ल्सटनलाही हेच लागू आहे.

आणि समुद्रातून गेल्यावर काय हुकते, तेही सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जी खारी दलदल शिल्लक आहे, तिच्यातील सुमारे एक तृतीयांश जॉर्जियात आहे. नोव्हेंबरमध्ये ते सगळे गवत सोनेरी होते. मैलोनमैल एकही घर दिसत नाही.

उत्तरवारा

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. तरी वारा पश्चिमेचा आणि हलका असेल, लाट कमी असेल, तर चार्ल्सटनहून थेट सेंट मेरीज मुखापर्यंत समुद्रातून जाणे सोपे पडते. ते मुख खोल असून दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत. मात्र तुमच्या वेगाला त्यासाठी संपूर्ण दिवस आणि रात्र लागेल. दोघांपैकी एकाच्याही मनात शंका असेल तर आतूनच जावे. वेळ आहे, घाई नाही, मग रात्र जागवण्याचे कारण काय?

आणखी दोन गोष्टी राहिल्या. पूल उघडण्यासाठी व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनात व्हीएचएफच्या (बोटीवरील रेडिओच्या) १३ व्या चॅनेलवर, तर दक्षिण कॅरोलिनापासून पुढे ९ व्या चॅनेलवर बोलावे. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात; त्यानंतर चार्ल्सटनला सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून चारपर्यंत मुक्कामी पोहोचावे.

ओहोटीची_वेळ

फ्लोरिडात शिरण्यापूर्वी कंबरलँड बेटासाठी दोन दिवस राखून ठेवा. हे बेट १९७२ पासून राष्ट्रीय सागरतट म्हणून संरक्षित आहे. पश्चिमेच्या बाजूला नांगर टाकून डिंगीने (छोट्या होडीने) सी कॅम्पच्या धक्क्यावर उतरता येते. दक्षिण टोकाला डंजनेस या कार्नेगी कुटुंबाच्या जळालेल्या वाड्याचे अवशेष आहेत आणि पलीकडे समुद्रकिनारा मैलोनमैल मोकळा आहे. बेटावर दुकान नाही, त्यामुळे पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, कचरा परत बोटीवर आणावा आणि घोड्यांच्या जवळ जाऊ नये. तेथून फ्लोरिडातील फर्नांडिना समोरच आहे, आणि सेंट ऑगस्टीन धीम्या गतीने दोन दिवसांवर. तेथे ब्रिज ऑफ लायन्स हा पूल ठरावीक वेळांनाच उघडतो, म्हणून शेवटच्या दिवशी त्या वेळा पाहूनच नांगर उचलावा.