शब्दचर्चा: ‘गुंगीचं इंजेक्शन’ म्हणावं का?

गेल्या महिन्यात भावोजी फोंड्याजवळ स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, १०८ ने थेट कॅज्युअल्टीत. डॉक्टर म्हणाले मॉर्फीन देतोय, ओपिऑइड (जोरकस वेदनाशामकांचा एक गट) आहे, तर ताई हबकलीच, ‘म्हणजे ड्रग्ज?’ आपल्या गोव्यात ड्रग्ज म्हटलं की किनाऱ्यावरच्या धाडीच आधी आठवतात, तिचं काय चुकलं. मी घाईत म्हटलं, अगो गुंगीचं इंजेक्शन. आणि तोच शब्द आता मला खटकतोय.

कारण थोड्या वेळाने भावोजी घोरायला लागले आणि आम्ही खूश, दुखायचं थांबलं, झोपूदेत. सिस्टर मात्र घड्याळ धरून छातीकडे बघत श्वास मोजत होती, मग खांदा हलवून हाक मारली, त्यांनी ओ दिली तेव्हाच बाजूला झाली. म्हणाली, गुंगी हे या औषधाचं काम नव्हे, ती धोक्याची खूण, आधी गुंगी वाढते मग श्वास मंदावतो. म्हणून शिरेतून थोडं द्यायचं, ५ मिनिटं बघायचं, लागलं तर परत थोडं. दुखणं सोसवतंय आणि माणूस बोलतोय, बास.

तर ओपिऑइडला मराठीत काय म्हणायचं, अफूजन्य?

डिचोलीहून: अफूजन्य नको. मॉर्फीन अफूच्या बोंडाच्या चिकातून येतं, पण फेंटानिल हे दुसरं ओपिऑइड पूर्ण प्रयोगशाळेतलं, आणि मॉर्फीनच्या साधारण १०० पट जोरकस, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ‘ऑइड’ म्हणजे सारखं, त्यामुळे ‘अफूसम’ म्हणा. ‘भूल’ तर अजिबात नको, लोकांना वाटतं ऑपरेशन सुरू झालं.

म्हापशाहून: मी नर्स आहे, २० वर्षं झाली. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध म्हणजे नॅलोक्सोन, त्याला मी नातेवाइकांपुढे ‘उतारा’ म्हणते, लगेच कळतं (जमिनीचा एक-चौदाचा उतारा वेगळा!). पण या शब्दात एक गोम आहे, उतारा दिला म्हणजे विष गेलं असं वाटतं. नॅलोक्सोन अर्ध्या ते दीड तासात ओसरतं, मॉर्फीन त्याहून जास्त टिकतं, गुंगी परत येऊ शकते, म्हणून पेशंटला लगेच घरी सोडत नाही. आणि ‘घेतली होती का’ विचारलं की कृपा करून लपवू नका, पोटात दारू किंवा झोपेची गोळी असली तर तेवढाच डोस जिवावर बेततो. ‘सवय लागेल’ म्हणून इंजेक्शन नाकारणारेही खूप भेटतात, मोडलेल्या हाडासाठी कॅज्युअल्टीत दिलेल्या एक-दोन डोसांनी सहसा कोणी व्यसनी होत नाही हो, उगाच तळमळत ठेवू नका माणसाला.

फोंड्याहून: पटलं. ताईला आता ‘दुखण्यावरचं जोरकस इंजेक्शन’ असंच सांगितलंय, आणि झोपले की हाक मारून बघ, ओ देतात का.