नियम, कौल की निवाडा? खेळातल्या निर्णयासाठी शब्द हवा

मालवण : आम्ही पाच जण रविवारी ओटीवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गोष्ट सांगत खेळायचा खेळ : प्रत्येक भिडू एक पात्र होतो, चालवणारा प्रसंग सांगतो, आणि अवघड काम जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. 2014 ची पाचवी आवृत्ती, खेळ मी चालवतो. पुस्तकात लिहिलेला तो नियम, हे ठीक. पण नियम अपुरा पडतो तिथे खेळ चालवणाऱ्याने जागच्या जागी जो निर्णय द्यायचा, ज्याला सगळे 'रूलिंग' म्हणतात, त्याला मराठीत नेमके काय म्हणावे?

गेल्या रविवारचा प्रसंग सांगतो. गलबत आणि किल्ल्याचा तट यांच्यामध्ये 15 फूट पाणी. भाच्याच्या चोराला तटावर उडी घ्यायची होती. पुस्तक म्हणते, दहा फूट धावत येऊन मारलेली लांब उडी ताकदीच्या आकड्याइतके फूट जाते. चोराची ताकद 12, म्हणजे तीन फूट कमी. पण त्याच पुस्तकात दुसरीकडे असेही आहे की नेहमीपेक्षा लांब उडीसाठी फासा टाकून बघता येतो. किती लांब, ते सांगितलेले नाही. मी काठिण्यपातळी 15 ठरवली, म्हणजे 15 किंवा जास्त आले तर उडी जमली. फासा पाटावरून घरंगळत जात्याला अडला, वर 20!

भाचा ओरडला, "वीस म्हणजे काहीही जमतं!" तसे नाही, वीस पडले की आपोआप यश, हे फक्त हल्ल्याच्या दानाला. तरी 15 पार झाले होते, चोर तटावर पोचला. लगेच दुसरा भिडू म्हणाला, "मग उद्या मी वीस टाकून चाळीस फूट उडी मारू?" मी सांगितले, "ताकदीच्या वर पाच फुटांपर्यंतच फासा. त्यापुढे फासा टाकायचाच नाही. हा माझा कौल."

आत तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणाली, "कौल देव देता. तू नाय."

वेंगुर्ले : आजींचे बरोबर आहे. 'कौल' मूळ अरबी, अर्थ शब्द, वचन. म्हणून रयतेला दिलेल्या अभयाचा कागद तो कौलनामा. आज 'जनतेचा कौल' म्हणतो तेव्हाही देणारा वरचढच असतो. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालून देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवीकडची पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार, डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. गुरव पाकळी लावतो, ती पाडत नाही. तुमच्या खेळात कौल फाशाचा. तुमचे काम गाऱ्हाण्याचे : काय विचारतोय, उजवा आला तर काय, डावा आला तर काय, हे फासा सुटण्याआधी सर्वांना ऐकू जाईल असे सांगणे. निम्मी भांडणे होतात ती हे आधी न सांगितल्यामुळेच. आणि जे होणेच शक्य नाही त्यावर कौल मागू नये. चाळीस फुटांना फासा नाकारलात ते योग्यच केलेत.

गुहागर : निर्णयाला 'निवाडा' म्हणा. निवडणे या क्रियापदाच्याच घरातला शब्द आहे, खडे आणि तांदूळ वेगळे करणे. जुन्या निवाडपत्रांत दोन्ही बाजूंचे म्हणणे आधी येते, मग निकाल. तुम्हीही दुसऱ्या भिडूचे ऐकून मगच मर्यादा घातलीत.

वेंगुर्ले : निवाडा फार जड वाटतो. खेळात अर्ध्या मिनिटात बोलावे लागते, नाहीतर रंग जातो. तिथे 'तोडगा' बरा.

गुहागर : तोडग्यात अडचणीतून सुटका आहे, न्याय नाही. पोरांना न्याय हवा असतो. 'रडीचा डाव' हा शब्द मराठी मुलाला सगळ्यात जास्त झोंबतो, तो उगाच नाही. घाई असेल तर 'तूर्त निवाडा' म्हणा : आज हे चालेल, खेळ संपल्यावर पुस्तक बघू, चुकले असेल तर पुढच्या वेळेपासून बदलू. मागचे दान मात्र उलटवायचे नाही. आणि तोच निवाडा दोनतीनदा चालला की तो 'पायंडा'. हा शब्द आपण बहुधा तक्रारीतच वापरतो, 'चुकीचा पायंडा पडेल'. चांगलाही पडतो. म्हणून लिहून ठेवा.

मालवण : दोघांचेही मनापासून आभार. तोडगा सोडतो, बाकी घेतो. वहीच्या मागच्या पानावर लिहिले : 'लांब उडी, ताकदीवर पाच फुटांपर्यंत, काठिण्यपातळी 15. तूर्त निवाडा.' चाळीस फूटवाल्याने स्वतः वाचून खाली सही केली.

काल चोराला ओल्या तटावरून दोराने उतरायचे होते. भाच्याने फासा मुठीत धरून ठेवला आणि म्हणाला, "मामा, आधी सांग. डावा आला तर दोर सुटणार की फक्त आवाज होणार?"