सामूहिक मालकीच्या वर्षावनांत वन्यजीव टिकतात का?

कोथरूडकर: पुणे जिल्ह्यातील देवराया गावांनीच राखल्या. पापुआ न्यू गिनीमध्ये बहुतांश जमीन पारंपरिक कुळांच्या मालकीची आहे; तेथील वर्षावनांतील वन्यजीवही असेच टिकले आहेत का?

रानवाटा: काही ठिकाणी निश्चितच. ह्युऑन द्वीपकल्पावर २००९ साली ‘वायूएस’ संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा कुळांनी मालकी न सोडता आपल्या जमिनीचे काही भाग शिकारीसाठी बंद ठेवण्याचे मान्य केले, आणि मूळच्या तेथीलच असलेल्या मॅट्शीच्या वृक्ष-कांगारूला आश्रय मिळाला.

सह्यमित्र: देवराईशी तुलना मात्र जपून करावी. आपल्या बहुतेक राया लहान आहेत. शेकरूला फांद्यांचे सलग छत लागते, म्हणून ते भीमाशंकरच्या जंगलात दिसते, एकाकी राईत क्वचितच. त्यात जीर्णोद्धाराच्या नावाखाली झाडे तोडून सिमेंटचे सभामंडप उभे राहतात, हे तर फारच क्लेशदायक.

कोथरूडकर: २००६ च्या वनहक्क कायद्याचा येथे उपयोग होईल का?

रानवाटा: होऊ शकतो. सामूहिक हक्क मिळाल्यास ग्रामसभा वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करू शकते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्येच मिळाला. राई खासगी जमिनीवर असेल, तर मात्र हा मार्ग बंद. तेव्हा आधी सातबारा पाहावा.