मुलांच्या चुका : नेमके काय दुरुस्त करावे आणि काय सोडून द्यावे?

प्रश्न (पालक, पुणे)

नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे आणि मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात मुलीची शुद्धलेखनाची वही घरी आली, तेव्हा ‘द्न्यान’, ‘सिंव्ह’, ‘ब्राम्हण’, ‘फुल’ आणि ‘परिक्षा’ या पाच शब्दांभोवती लाल वर्तुळे होती आणि प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणण्याची सूचना होती. तिचे वाचनही मला जरा विचित्र वाटते. गोष्ट मोठ्याने वाचताना ‘बाबांनी पिशवी उचलली’ हे वाक्य तिने ‘बाबांनी पिशवी घेतली’ असे वाचले आणि ‘न्याहाळले’ या शब्दाच्या जागी ‘पाहिले’ म्हणून ती सरळ पुढे गेली. मुलाची तऱ्हा वेगळीच आहे. पाच-सहा महिन्यांपूर्वी तो ‘बाबा गेला’ असे बरोबर म्हणत असे. आता ‘बाबा ऑफिसला जाला’, ‘मी चित्र करलं’ असे म्हणतो. तो मागे तर जात नाही ना, अशी शंका सासूबाईंनी बोलून दाखवली आणि खरे सांगायचे तर ती माझ्याही मनात आहे. या सगळ्या चुका एकाच माळेतल्या आहेत का, आणि त्यांतील कोणत्या सुधारण्यासाठी धडपडावे?

उत्तर १ (भाषाविज्ञानाची अध्यापिका, मुंबई)

मुलाची काळजी सोडा; तो पुढेच गेला आहे. सुरुवातीला मूल ‘गेला’ हा शब्द जसाच्या तसा उचलते, त्याचा ‘जा’शी काही संबंध आहे हे त्याला ठाऊक नसते. मग बसला, उठला, पडला, हसला अशी शेकडो रूपे कानांवरून गेल्यावर ‘ला’ लावला की झालेली गोष्ट सांगता येते, हे त्याला कोणी न शिकवता उमगते आणि नव्याने हाती आलेले हे हत्यार ते सगळीकडे चालवून पाहते. ‘जा’ला लावले की ‘जाला’, ‘कर’ला लावले की ‘करलं’. घरात हे शब्द कोणी उच्चारलेले नसतात, म्हणजे ही नक्कल असूच शकत नाही. ‘गेला’ हे रूप संस्कृत ‘गत’च्या वाटेने आले आहे, ‘जा’च्या नव्हे, मराठीतली ही अडगळ त्या बिचाऱ्याला कोठून माहीत असणार?

जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. त्यांनी अमेरिकेतील लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले, मग असे दोन प्राणी दाखवून वाक्य पूर्ण करायला लावले, आणि बहुतेक मुलांनी आयुष्यात कधीच न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बिनचूक केले. तुम्हीही करून पाहा. कागदावर काहीतरी वेडेवाकडे काढून ‘हा एक टोबा’ म्हणा, शेजारी आणखी एक काढा आणि ‘आता हे दोन...’ म्हणून थांबा.

पिट कॉर्डर यांनी १९६७ साली परकी भाषा शिकणाऱ्यांच्या संदर्भात केलेला भेद येथेही कामी येतो. थकव्याने किंवा घाईने जीभ घसरते ती चूक एक आणि पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने होते ती दुसरी. दुसरीच्या मागे शिकणाऱ्याने मनाशी बांधलेला नियम असतो. हिंदी मातृभाषा असलेला माणूस ‘माझी पुस्तक’ म्हणतो, कारण हिंदीत ‘किताब’ आणि ‘पुस्तक’ दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. त्याला ‘पुस्तक नपुंसकलिंगी’ एवढे सांगून भागत नाही, कारण हिंदीत तिसरे लिंगच नाही. ते घरच त्याला नव्याने बांधावे लागते.

मुलीच्या ‘घेतली’ आणि ‘पाहिले’चेही मला फारसे वाटत नाही. अर्थ सुटलेला नाही, म्हणजे ती समजून वाचते आहे.

उत्तर २ (निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा)

त्या वहीतील पाच शब्दांबद्दल लिहितो, कारण हेच शब्द मी पस्तीस वर्षे तपासले आणि त्यांतील पहिली काही वर्षे चुकीच्या पद्धतीने तपासले. ‘द्न्यान’ लिहिणाऱ्या मुलीचा कान तयार आहे. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असाच करतो. हिंदीभाषक मूल त्याच जागी ‘ग्यान’ लिहील. ‘सिंह’ आपण ‘सिंव्ह’ म्हणतो आणि ‘ब्राह्मण’मधील ‘ह्म’ उच्चारताना उलटा करून ‘म्ह’ म्हणतो. तिने जे ऐकले ते इमानाने उतरवले. या तीन शब्दांना उपाय एकच : येथे कानावर न जाता डोळ्यांनी चित्र लक्षात ठेवायचे, हे तिला उघड सांगायचे.

‘फुल’ आणि ‘परिक्षा’ यांची कथा अधिक रंजक आहे. मराठी बोलण्यात इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घपणा बहुधा शब्दातील जागेवरून ठरतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांसारख्या अर्थ बदलणाऱ्या जोड्या मोजक्या, आणि त्याही बहुधा तत्सम शब्दांच्या. १९६२च्या लेखननियमांनी हीच सवय कागदावर आणली : अकारान्त शब्दातील शेवटून दुसरे अक्षर दीर्घ, म्हणून ‘फूल’ आणि ‘गरीब’; पुढे दीर्घ स्वर आला की तेच ऱ्हस्व, म्हणून ‘फुलाला’ आणि ‘गरिबाला’. मुलीने फुले, फुलांचा, फुलपाखरू हे शब्द ‘फूल’पेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिले असणार, त्यामुळे ‘फुल’ लिहिले. ‘परिक्षा’ तर तिने मराठीच्या चालीप्रमाणे अगदी बरोबर लिहिला आहे. फक्त तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असल्याने त्याला ही चाल लागू होत नाही. वर्गात जी मुले ‘गरिबाला’ अचूक लिहीत, तीच ‘शरिराला’ लिहीत, आणि ‘गरीबाला’ लिहिणाऱ्याच्या हातून ‘शरीराला’ आपोआप बरोबर येई. गुण मात्र दोघांना सारखेच मिळत! (जाता जाता : १९६२पूर्वी ‘कवि’ आणि ‘घरांत’ हेच शुद्ध होते. माझ्या आजोबांची पत्रे आज तपासायला घेतली तर लाल शाई पुरणार नाही.)

दहा वेळा लिहून हात दुखतो, नियम कळत नाही. फूल-फुलाला, मूल-मुलाला, गरीब-गरिबाला अशा जोड्या शेजारी मांडून ‘काय बदलले?’ एवढेच विचारावे.

वाचनातही असेच असते. ‘कविता’ हा शब्द ‘किवता’ असा वाचणारी मुले मला दरवर्षी भेटली. ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या आधी, म्हणजे ‘क’ आणि ‘व’ यांच्या मध्ये उभी असते. काना, मात्रा आणि दुसरी वेलांटी मुळाक्षराच्या आधी कधीच येत नाहीत, म्हणून डावीकडून उजवीकडे नेमाने जाणारे मूल ती ‘क’ला बहाल करते. वेलांटीचा माथा कोणत्या अक्षरावर झुकतो ते बोटाने दाखवले की बहुतेकांची अडचण काही दिवसांत सुटे.

उत्तर ३ (शिक्षिका, अमरावती जिल्हा)

एक भर घालते. आमच्याकडे पुस्तकातील ‘शाळा’ हा शब्द मूल ‘शाया’ असा वाचते आणि ‘डोळा’ हा ‘डोया’ असा. पाहुणे अधिकारी त्याला वाचनदोष म्हणतात. वस्तुतः त्या मुलाने छापील ‘ळ’ ओळखला, शब्द ओळखला आणि तो आपल्या घरच्या वऱ्हाडीत उच्चारला. ‘ळ’ ओळखताच आला नसता तर ‘शाया’ तरी कोठून आला असता? ‘मले देल्लं’ म्हणणारे मूलही साडेतीन वर्षांच्या मुलाच्या ‘करलं’च्या रांगेत बसत नाही, कारण त्याच्या आजीचेही रूप तेच आहे. लिहिताना ‘ळ’ हवा, हे मी जरूर शिकवते, पण वाचताना मध्येच टोकत नाही. टोकलेले मूल दुसऱ्या दिवशी वाचायला हात वर करत नाही.

उत्तर ४ (वाचन-अडचणींवर काम करणारा, ठाणे)

पहिल्या उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. अर्थ टिकला म्हणजे वाचन उत्तम, हा विचार केनेथ गुडमन यांच्याकडून आला. १९६७ साली त्यांनी वाचनाला अंदाज बांधण्याचा खेळ म्हटले आणि वाचकाच्या चुका नोंदवून त्यांचा अर्थ लावण्याची शिस्त घालून दिली. ती शिस्त मोलाची आहे, निष्कर्ष मात्र टिकला नाही. सराईत वाचक शब्द इतक्या वेगाने ओळखतो की त्याला संदर्भावर टेकावे लागत नाही. ज्याला अक्षरे जड जातात, तोच संदर्भाचा आधार अधिक घेतो, अशी मांडणी कीथ स्टॅनोविच यांनी १९८० साली केली आणि पुढील संशोधनाने तिला बळच दिले. हुशार मुलांच्या बाबतीत तर हे फार उशिरा उघडकीला येते, कारण तिसरीपर्यंतच्या गोष्टी अंदाजाने निभावतात. पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अंदाज चालत नाही.

तेव्हा तपासून पाहा. ‘उचलली’ आणि ‘न्याहाळले’ हे शब्द कोऱ्या कागदावर, चित्राशिवाय आणि वाक्याशिवाय लिहून द्या. सहज वाचले तर ती केवळ घाई होती. अडखळली तर नेमक्या कोणत्या अक्षरावर, तेवढे टिपून ठेवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (चार दिवसांनंतर)

सर्वांचे आभार. मुलाने ‘टोबे’ म्हटले, आणि मी उत्साहाने ‘ही एक चिफी’ असे काढले तर न थांबता ‘चिफ्या’ म्हणाला. सासूबाई समोरच होत्या, त्यामुळे तो विषय मिटला.

मुलीला कागद दिला. ‘उचलली’ तिने एका दमात वाचले. ‘न्याहाळले’वर मात्र ‘न’ म्हणून थांबली, मग ‘नया’ म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली. मग मी गोष्ट उघडून तिने पूर्वी बदलून वाचलेले आणखी सहा शब्द शोधले. त्यांपैकी पाच जोडाक्षरांचे निघाले. म्हणजे ती इतके दिवस जोडाक्षर दिसले की वळसा घालून जात होती आणि वळसा इतका सफाईदार होता की मला पत्ता लागला नाही. कालपासून रोज रात्री दहा मिनिटे आम्ही अर्धा ‘न’, अर्धा ‘त’ आणि अर्धा ‘क’ घेऊन बसतो. दहा वेळा लिहिण्याऐवजी जोड्या चालतील का, असे वर्गशिक्षिकांना चिठ्ठीतून विचारले आहे.