पाचू सापडेल असा डिटेक्टर कोणता? (फ्लोरिडा, १७१५चा स्पॅनिश ताफा)

ओली_वाळू
ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेबॅस्टियन इनलेट ते फोर्ट पिअर्स या पट्ट्यात शोध घ्यायचा आहे. वादळानंतर तिथे १७१५च्या ताफ्यातली (अमेरिकेतून स्पेनला खजिना नेताना बुडालेली जहाजं) नाणी अजून मिळतात, एवढं माहीत आहे. विचारायचं ते असं:
१) नाण्यांबरोबर पाचूही दाखवेल असा डिटेक्टर (जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र) कोणता? पल्स इंडक्शन (विजेचे झटके सोडून येणारा प्रतिसाद टिपणारा) घ्यावा की मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारा)?
२) कुठे खणलेलं चालतं, कुठे नाही? पाण्यात उतरता येतं का?
३) वाळूत नेमकं कुठे बघायचं? किनारा जवळपास पन्नास किलोमीटरचा आहे, सगळा चालणं शक्य नाही.

नांगर_टाकला
पाचू दाखवणारा डिटेक्टर नसतो. तसं सांगून कोणी यंत्र विकत असेल तर दुकानातून बाहेर पडा. डिटेक्टर वीजवाहक वस्तू ओळखतो आणि पाचू म्हणजे बेरिलियम-ॲल्युमिनियमचं सिलिकेट. यंत्राच्या दृष्टीने तो आणि वाळूचा कण सारखेच. सोन्याच्या कोंदणात बसवलेला असेल तर कोंदण वाजेल, तेवढंच.

दुसरी चूक पुष्कळजण करतात ती घमेल्यात वाळू धुण्याची. सोन्याला ते चालतं, कारण २२ कॅरट सोनं पाण्याच्या साडेसतरा पट जड असतं. काळी वाळू (मॅग्नेटाइट, इल्मेनाइट) पावणेपाच ते सव्वापाच पट. साधी गारेची वाळू २.६५ आणि पाचू २.७च्या आसपास. म्हणजे पाचू जड वाळूत खाली बसतच नाही, साध्या वाळूबरोबर वाहून जातो. तुम्ही तळाला राहिलेली काळी वाळू जपून ठेवता आणि खडा आधीच समुद्रात परत गेलेला असतो.

राहते ती चाळण आणि नजर. लांब दांड्याच्या स्टीलच्या स्कूपला साधारण १२ मिलिमीटरची भोकं असतात, त्यातून पाचूचे बहुतेक तुकडे गळून जातात. नाणं मिळालेल्या जागेची वाळू ३ मिलिमीटरच्या चाळणीतून पाणी ओतत काढा आणि उरलेलं ओलं असतानाच पाहा. सुकलं की मीठ आणि धुळीखाली सगळे खडे राखाडी दिसतात.

अपेक्षाही जरा बेताची ठेवा. पाचूंसाठी प्रसिद्ध आहे ते आतोचा हे स्पॅनिश जहाज, आणि ते या ताफ्यातलं नाही. ते ६ सप्टेंबर १६२२ला की वेस्टच्या (फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडचं बेट) पश्चिमेला बुडालं. त्याचा मुख्य साठा खजिना शोधणारे मेल फिशर यांच्या बुडी मारणाऱ्या माणसांना २० जुलै १९८५ रोजी सुमारे १७ मीटर खोलीवर मिळाला. जहाजाच्या अधिकृत यादीत पाचूंची नोंद नव्हती, माल चोरटा होता. राजाचा पाचवा हिस्सा (मौल्यवान मालावरचा कर) चुकवायचा तर खड्यांइतकं सोयीचं काही नाही. तिथले पाचू तळातली वाळू शोषून, चाळून, हाताने वेचले गेले. १७१५च्या ताफ्याबद्दल 'राणीचे दागिने' (स्पेनच्या राणीसाठीचे दागिने ताफ्यात होते, अशी) ही कथा फार चालते, पण पुळणीवर प्रत्यक्षात मिळते ती चांदी आणि क्वचित सोनं.

भरतीची_रेघ
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण यंत्र चुकलं तर पैसे जातात आणि जागा चुकली तर खटला होतो.

किनाऱ्यावरची सरासरी भरतीची रेषा हीच सीमा. तिच्या वर, सार्वजनिक किनाऱ्यावर, काउंटीचा नियम आड येत नसेल तर डिटेक्टर चालतो. तिच्या खालची जमीन राज्याची, आणि तिथलं जुनं काही परवान्याशिवाय उचलणं हा गुन्हा आहे. ही कायद्यातली सरासरी रेषा आहे, त्या दिवशी वाळू कुठवर ओली आहे यावर ती ठरत नाही. पाण्यात उतरायचं तर विसराच. १७१५च्या जहाजांच्या जागांवर २०१० पासून क्वीन्स ज्वेल्स या कंपनीचे न्यायालयाने मान्य केलेले हक्क आहेत आणि तिचे कंत्राटदार उन्हाळ्यात समुद्र शांत असताना काम करतात. सापडलेल्या मालातला २० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा राज्य घेतं. खरोखर पाण्याखालचं काम करायचं असेल तर अशा कंत्राटदाराच्या बोटीवर जागा मिळवणं हा सरळ मार्ग.

किनाऱ्यावरच्या राज्य उद्यानांत व्यवस्थापकाने ठरवून दिलेल्या पट्ट्यातच परवानगी असते, म्हणून आधी फोन करा. उत्तरेला कॅनाव्हरल नॅशनल सीशोअर लागतं, ती संघराज्याची जमीन. तिथे डिटेक्टर गाडीतून बाहेरही काढू नका. वाळूच्या टेकड्यांवर कुठेच खणायचं नाही. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर कासवांच्या अंड्यांचा हंगाम असतो, खुणा लावलेल्या घरट्यांपासून लांब राहा आणि प्रत्येक खड्डा बुजवा.

'फिशर यांनी तर खटला जिंकला होता' हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो आतोचाबद्दलचा निकाल १९८२चा. त्यानंतर १९८७चा परित्यक्त जहाजांचा कायदा आला आणि राज्याच्या पाण्यात रुतलेल्या सोडून दिलेल्या जहाजांची मालकी राज्यांकडे गेली. खोल समुद्रातही मोकळं रान नाही. १८०४ साली बुडालेल्या मर्सेडिस या जहाजावरची सुमारे ५,९४,००० नाणी अमेरिकेतल्या कंपनीने २००७ मध्ये वर काढली आणि २०१२ मध्ये ती सगळी स्पेनला परत करावी लागली, कारण ते स्पेनच्या नौदलाचं जहाज होतं.

मिळालेलं लपवू नका हेही त्यातच आलं. २०१५ मध्ये याच ताफ्यातली १०१ सोन्याची नाणी निघाली, ५१ दाखवली गेली, ५० दडवली गेली. २०२४ मध्ये त्यातली ३७ तपास यंत्रणेने परत मिळवली. दडवलेल्यांतली तीन तर २०१६ मध्ये पुन्हा समुद्रतळाशी 'पेरली' होती, नव्याने सापडल्यासारखी दाखवायला, असं तपासात पुढे आलं.

आता कुठे बघायचं. सबंध किनारा चालूच नका. ३१ जुलै १७१५च्या पहाटे १२ पैकी ११ जहाजं बुडाली, आणि त्यांतली सापडलेली उथळ पाण्यात, किनाऱ्याच्या जवळ फुटलेली आहेत. त्यामुळे माल पुळणीवर येतो तो त्या जहाजांच्या समोरच्या तुकड्यांतच: सेबॅस्टियन इनलेटच्या दक्षिणेला, वाबासो, टर्टल ट्रेल, फोर्ट पिअर्सच्या दक्षिणेला डग्लस बीच. दोन तुकड्यांच्या मधला किनारा सोडून दिलेला बरा.

वेळ ठरवतो वारा. ईशान्येचा जोरदार वारा दोन-तीन दिवस टिकला की लाटा वाळू खरवडून नेतात आणि पुळणीवर उभी कड तयार होते. सप्टेंबर २००४ मध्ये फ्रान्सिस आणि जीन ही दोन चक्रीवादळं तीन आठवड्यांच्या अंतराने हचिन्सन बेटाच्या त्याच भागावर धडकली, तेव्हा किनारा असाच उघडा पडला होता. कड दिसली की तिच्या पायथ्याशी, ओहोटी लागता लागता सुरुवात करा, अर्थात सीमारेषेच्या वरच. पायाखाली घट्ट थर, शिंपल्यांचा खच, काळ्या वाळूचे पट्टे आणि खिळे, शिशाचे तुकडे, नदीतले गुळगुळीत गोटे (जहाजाचं निरम, म्हणजे तोल राखायला तळाशी भरलेलं वजन) दिसले तर तिथेच थांबा, फूटभराच्या अंतराने आडवे-उभे पट्टे मारा. मऊ, गुबगुबीत, पांढरी वाळू दिसली तर पुढे चला. कृत्रिम भर घातलेल्या किनाऱ्यावर तर जुना थर मीटर-दीड मीटर खाली गेलेला असतो, कोणतंही यंत्र तिथवर पोचत नाही. भर कुठे घातली हे काउंटीच्या कार्यालयात कळतं.

खारं_पाणी
यंत्राबद्दल माझं मत: कड आणि कोरडी वाळू यासाठी मल्टी-फ्रिक्वेन्सी. एका फ्रिक्वेन्सीचं साधं यंत्र ओल्या खाऱ्या वाळूत सतत किरकिरतं, कारण खारं पाणी स्वतःच वीजवाहक असतं. मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स यंत्रात बीच १ ही सेटिंग ओल्या-कोरड्या वाळूसाठी आणि बीच २ लाटांतल्या कामासाठी आहे, तुम्हाला १ पुरेल. संवेदनशीलता पूर्ण चढवू नका. यंत्र शांत होईपर्यंत उतरवा आणि डिस्क जमिनीलगत, सावकाश फिरवा.

पल्स इंडक्शन खोल जातं, मीठ आणि काळी वाळू त्याला फारशी त्रास देत नाही. पण लोखंड आणि चांदी यांत ते धड भेद करत नाही. गर्दीच्या पुळणीवर दिवसभर केसांच्या पिना आणि बाटल्यांची झाकणं निघतील. घट्ट थर उघडा पडला असेल तेव्हाच ते घेऊन जा, कारण तिथे लोखंडी खिळासुद्धा काहीतरी सांगून जातो.

एक सूचना. लोखंड गाळण्याचं बटण फार वर ठेवू नका. तीनशे वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेल्या चांदीचा बराच भाग सल्फाइड झालेला असतो. मूळचा आठ रेआलचा तुकडा (जुनं स्पॅनिश चांदीचं नाणं) सुमारे २७ ग्रॅमचा, पण मिळताना १०-१२ ग्रॅमचाही असतो, आणि त्याचा आवाज गंजक्या पत्र्यासारखा क्षीण, तुटक येतो. चकचकीत गोल नाणं शोधू नका. हाताने ठोकलेला, वेडावाकडा, काळा, पाटीच्या तुकड्यासारखा दिसतो तो. नशिबाने मेक्सिको टांकसाळीचा M आणि त्यावर छोटा o वाचता येतो. साल बहुधा कडेबाहेर गेलेलं असतं.

ओली_वाळू
मनापासून आभार. पाचूचा नाद सोडला असं म्हणवत नाही, पण चाळण घेईन. अजून दोन शंका: हिरवा खडा मिळालाच तर तो पाचू की बाटलीची काच हे जागेवर कसं कळेल? आणि काळं पडलेलं नाणं घरी इलेक्ट्रोलिसिसने साफ करता येतं का?

षट्कोनी
खड्याचं सांगतो. अगोदर आकार. कच्चा पाचू सहा बाजूंच्या कांडीसारखा असतो, टोक सपाट. आत भेगा आणि ठिपक्यांची गर्दी. काचेत गोल बुडबुडे आणि फुटलेल्या जागी शिंपल्यासारखी वळणं दिसतात. पण लाटांनी घासलेल्या तुकड्यात दोन्ही खुणा पुसल्या जातात, मग वजन करा. हवेत १ ग्रॅम असलेला पाचू पाण्यात बुडवून तोलला की साधारण ०.३७ ग्रॅमने हलका भरतो, बाटलीची काच ०.४० ने. फरक ०.०३ चा, म्हणून काटा ०.००१ ग्रॅमचा हवा. खड्याला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा उत्तर फिरवतो, तेव्हा पाण्यात साबणाचा थेंब टाका. घासून कठीणपणा बघण्याच्या फंदात पडू नका, भेगाळलेला पाचू तुटतो.

पाचू निघाला म्हणजे तो जहाजावरचाच असं नव्हे. भेगेत इपॉक्सी (कृत्रिम राळ) असेल तर विषय संपला, ते या काळातलं भरण. की वेस्टजवळ समुद्रात पाचूंचा साठा मिळाल्याचा दावा २०१०च्या सुमारास न्यायालयात गेला होता, तिथे खड्यांवर इपॉक्सी निघालं. कोलंबियातल्या मुझो खाणीच्या पाचूत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक एकाच पोकळीत दिसतात. मात्र तशा पोकळ्या इतर देशांच्या काही पाचूंतही असतात, म्हणून तेवढ्यावर 'कोलंबियाचा' असा शिक्का मारू नका. आणि खडा अल्ट्रासॉनिक यंत्रात, गरम पाण्यात किंवा आम्लात टाकायचा नाही. गोडं पाणी, मऊ ब्रश.

नांगर_टाकला
नाण्याबद्दल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते घरी नेऊन सुकवणं. आतलं मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि पापुद्रे सुटतात. मिळाल्यापासून गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला.

इलेक्ट्रोलिसिस फक्त आत धातूचा गाभा शिल्लक असेल तर. वजन फारच उतरलं असेल किंवा कडा नखाने भुरभुरत असतील तर हात लावू नका, सल्फाइडचं कवच गेलं की ठसाही जातो. गाभा असेल तर ५ टक्के सोडियम कार्बोनेटचं द्रावण, स्टेनलेसची पट्टी धन टोकाला, नाणं ऋण टोकाला. टोकं उलटी लागली तर चांदी विरघळते. मीठ घालायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. नाण्याला लावायचा चिमटा स्टेनलेसचाच हवा, आणि धन टोकाची तांब्याची तार द्रावणात बुडू देऊ नका, नाहीतर चांदीवर गुलाबी तांबं चढतं. करंट इतकाच ठेवा की नाण्यावरून बुडबुडे संथ निघतील. दर अर्ध्या तासाने काढून मऊ ब्रशने पाहा. खिडकी उघडी असू द्या. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात अनेकदा धुवा, अल्कोहोलमध्ये बुडवून सुकवा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

सोन्याला यातलं काही लागत नाही, नुसतं गोडं पाणी पुरतं. आणि कशालाही हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, जागेचं जीपीएस आणि तारीख लिहून ठेवा.