पॅडिंग्टनजवळची १९९९ ची टक्कर: चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला कसा जातो?

रेडिंगवासी:
नमस्कार. मी नोकरीनिमित्त रेडिंग ते लंडनचे पॅडिंग्टन स्थानक असा रोजचा रेल्वेप्रवास करते. याच मार्गावर लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी सकाळी झालेल्या अपघाताविषयी नुकतेच वाचले. पॅडिंग्टनहून ८ वाजून ६ मिनिटांनी बेडविनकडे निघालेली थेम्स ट्रेन्सची तीन डब्यांची गाडी एसएन १०९ हा लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि चेल्टनहॅमहून येणाऱ्या जलद गाडीवर समोरासमोर आदळली. डिझेलने पेट घेतला. दोन्ही चालकांसह ३१ जणांचा मृत्यू झाला आणि चारशेहून अधिक लोक जखमी झाले.

मला पडलेला प्रश्न असा की, प्रशिक्षित चालक लाल दिव्याकडे जात असताना वेग कमी करण्याऐवजी वाढवतो, हे कसे घडू शकते? त्याच्या केबिनमध्ये इशाऱ्याचा भोंगा वाजला होता आणि बटण दाबून त्याने तो बंद केला होता, असेही वाचनात आले. इशारा मिळूनही त्याने दुर्लक्ष केले, असाच याचा अर्थ घ्यायचा का?

सांधेवाला:
मी रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरी केली आहे. आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच होतो.

ब्रिटनमधील ही इशारा यंत्रणा सिग्नलच्या सुमारे १८० मीटर अलीकडे रुळांमध्ये बसवलेल्या चुंबकांवर चालते. सिग्नल हिरवा असेल तर केबिनमध्ये घंटी वाजते; दुहेरी पिवळा, एकेरी पिवळा (दोन्ही पुढे थांबावे लागू शकेल असे सांगणारे) किंवा लाल यांपैकी काहीही असले तरी भोंगा एकच. काही क्षणांत बटण दाबले नाही तर ब्रेक आपोआप लागतात. दाबले की यंत्रणेचे काम संपते आणि पुढचे सर्व चालकावर राहते. म्हणजेच त्या भोंग्याने त्याला सिग्नल लाल असल्याचे सांगितले नव्हते, केवळ तो हिरवा नसल्याचे सांगितले होते. गर्दीच्या मार्गावर पिवळ्यामागून पिवळे सिग्नल घेत गाडी चालवणाऱ्याला हे बटण इतक्या वेळा दाबावे लागते की हात ते विचारावाचून दाबू लागतो. त्या सकाळी आधीच्या एसएन ८७ या पिवळ्या सिग्नलला बटण दाबले गेले, एसएन १०९ लाही दाबले गेले, आणि गाडीचा वेग वाढतच राहिला.

आता त्या सिग्नलविषयी. पॅडिंग्टनच्या बाहेर अनेक मार्गांचे सिग्नल एकाच आडव्या सांगाड्यावर शेजारी-शेजारी होते, त्यांतून आपला सिग्नल ओळखायचा. अलीकडचा पूल आणि विमानतळाकडे जाणाऱ्या हीथ्रो एक्स्प्रेससाठी उभारलेल्या विजेच्या तारांचा सरंजाम यांमुळे एसएन १०९ अगदी उशिरा दिसे. त्याचा लाल दिवा नेहमीप्रमाणे उभ्या ओळीत तळाशी नसून बाजूला होता. पश्चिमेकडे जाणाऱ्या चालकाच्या पाठीमागून सकाळचे तिरपे ऊन थेट भिंगांवर पडत होते, आणि अशा उन्हात न लागलेला पिवळा दिवाही लागल्यासारखा भासतो. न्यायाधीश लॉर्ड कलन यांनी केलेल्या या अपघाताच्या अधिकृत चौकशीने असा निष्कर्ष काढला की पुढे जाण्यास परवानगी आहे अशीच बहुधा चालकाची समजूत झाली असावी. त्याला स्वतंत्रपणे गाडी चालवण्यास पात्र ठरून अवघे दोन आठवडे झाले होते. त्याआधीच्या सहा वर्षांत हा एकच सिग्नल लाल असताना आठ वेळा ओलांडला गेला होता, आणि ही माहिती त्याच्या प्रशिक्षणात आली नव्हती. माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका आकडा हा आठ आहे.

मृण्मयी:
आपले विवेचन पटते, तरीही प्रत्येक वेळी दोष सिग्नलवर ढकलता येईल असे मला वाटत नाही. लॉस एंजलिसजवळ चॅट्सवर्थ येथे १२ सप्टेंबर २००८ रोजी मेट्रोलिंकची उपनगरी गाडी लाल सिग्नल ओलांडून युनियन पॅसिफिकच्या मालगाडीवर आदळली आणि २५ जण दगावले. तिथे चालक गाडी चालवताना मोबाइलवर संदेशांची देवाणघेवाण करत होता, आणि त्याचे लक्ष विचलित झाल्यामुळेच सिग्नल पाळला गेला नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निष्पन्न झाले. याला निष्काळजीपणा न म्हणता दुसरे काय म्हणावे?

सांधेवाला:
निष्काळजीपणाच म्हणावे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच अहवालाने यंत्रणेकडेही बोट दाखवले होते, कारण चालकाला न विचारता गाडी थांबवणारी यंत्रणा तिथे बसवलेली नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत ती सक्तीची करणारा कायदा झाला. मुदत २०१५ अखेरची होती. ती वाढत गेली आणि देशभरातील काम २०२० च्या डिसेंबरात पूर्ण झाले.

दोष केवळ चालकाच्या पदरात टाकण्याची घाई महागात पडते, याचे उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. ४ मार्च १९८९ रोजी लंडनच्या दक्षिणेस पर्ली येथे एका गाडीने लाल सिग्नल ओलांडून पुढच्या गाडीला धडक दिली आणि पाच जण मृत्युमुखी पडले. चालकाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, त्याला तुरुंगवासही झाला. तोच सिग्नल त्याआधीच्या पाच वर्षांत चार वेळा ओलांडला गेला होता, हे नंतर न्यायालयापुढे आले आणि २००७ मध्ये त्याची दोषसिद्धी रद्द झाली. अनेक वर्षे त्या माणसाने हा शिक्का वागवला.

रेडिंगवासी:
दोघांचेही आभार. मग लॅडब्रोक ग्रोव्हच्या वेळी गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा उपलब्धच नव्हती का? आणि मुंबईच्या लोकलमध्ये काय व्यवस्था आहे?

सांधेवाला:
उपलब्ध होती. वेगावर सतत लक्ष ठेवणारी संपूर्ण स्वयंचलित यंत्रणा थेम्स ट्रेन्सच्या गाड्यांवर बसवण्याचा विचार झाला होता, परंतु खर्चाच्या मानाने लाभ पुरेसा नाही असा हिशेब मांडून तो सोडून देण्यात आला. त्याऐवजी लाल सिग्नलपाशी, आणि त्याच्या अलीकडे वेग अधिक असल्यास तिथेही, ब्रेक लावणारी स्वस्त यंत्रणा बसवण्याचा नियम अपघाताच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट १९९९ मध्ये झाला होता. ते काम २००३ अखेरपर्यंत उरकले. पुढे थेम्स ट्रेन्सला २० लाख पौंड आणि रूळ व सिग्नल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल या कंपनीला ४० लाख पौंड दंड झाला.

मुंबईत मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर जी इशारा यंत्रणा आहे, ती ब्रिटिश यंत्रणेहून निराळी आहे; लाल सिग्नल ओलांडला तर ती स्वतःच आपत्कालीन ब्रेक लावते. तथापि एक बाब ध्यानात घ्यावी. आपल्याकडील सर्वसाधारण नियमांनुसार 'ए' अक्षराची पाटी असलेला स्वयंचलित (गाड्यांच्या हालचालीनुसार आपोआप बदलणारा) सिग्नल लाल राहिला, तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबून, मर्यादित वेगाने व अत्यंत सावधपणे तो ओलांडता येतो, कारण तसे न केल्यास एका बिघाडापायी सारी वाहतूक खोळंबेल. अशा वेळी पुढच्या गाडीचा शेवटचा डबा वेळेत दिसणे पूर्णपणे मोटरमनच्या डोळ्यांवर अवलंबून असते. म्हणून सिग्नलच्या बिघाडांची नोंद मी सिग्नल ओलांडल्याच्या नोंदीइतकीच महत्त्वाची मानतो.